वर्षभर पुरणारा प्रश्न : जॉन ड्यूई आणि त्यांची शाळा

स्मरणिकेत आपण आपल्या गुरुजनांविषयी, वर्गमित्रांविषयी, शाळेच्या घंटेविषयी आणि पटांगणाविषयी लिहितो. त्यात एका अमेरिकन तत्त्वज्ञाचे चरित्र कशासाठी, असे कोणी विचारले तर त्याला दोन उत्तरे आहेत. पहिले उत्तर घरोघरी सापडेल. आपल्यापैकी बरेच जण आता पालक किंवा आजी-आजोबा झाले आहेत आणि मुलांचा प्रकल्प आदल्या रात्री पुरा करण्यात आपला हात असतो. दुकानातून आणलेली चित्रे, पुठ्ठ्याचा किल्ला, चकचकीत कागदाचे वेष्टन, सकाळी तो वर्गात जमा आणि संध्याकाळी कपाटावर. वर्षभर एखादा विषय धरून मुलांनी हाताने काम करावे आणि त्यातून गणित, भूगोल, इतिहास, विज्ञान शिकावे, ही मूळ कल्पना ज्यांनी एका प्राथमिक शाळेत खरोखर राबवून दाखवली ते जॉन ड्यूई. दुसरे उत्तर असे की, डॉ. बाबासाहेब आंबेडकर ज्यांना आपले गुरू मानत, त्यांत ड्यूई होते. म्हणून या शिक्षकाची ओळख आपल्या मेळाव्याच्या निमित्ताने करून घेणे अस्थानी होणार नाही.

जॉन ड्यूई यांचा जन्म २० ऑक्टोबर १८५९ रोजी अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात बर्लिंग्टन या गावी झाला. वडील आर्चिबाल्ड हे किराणा दुकानदार, आई ल्युसिना धार्मिक वृत्तीच्या. जॉनच्या जन्माआधी त्याच वर्षाच्या सुरुवातीला या दांपत्याचा एक मुलगा भाजून दगावला होता. त्याचे नाव जॉन. पुढे जन्मलेल्या मुलाला तेच नाव ठेवले गेले. बर्लिंग्टन हे तळ्याकाठचे, लाकडाच्या व्यापाराचे गाव. तिथली मुले शाळेबरोबर कामेही करीत. जॉनने घरोघरी वर्तमानपत्रे टाकली, लाकडाच्या वखारीत मालाची मोजदाद केली, आजोळच्या नातलगांच्या शेतावर दिवस काढले. शाळेत मात्र पुस्तकातला मजकूर पाठ करायचा आणि उभे राहून म्हणून दाखवायचा, एवढाच कार्यक्रम असे. आपल्याला बालपणी जे काही मोलाचे मिळाले ते शाळेच्या बाहेर मिळाले, असे ड्यूई यांना पुढे कायम वाटत राहिले. त्यांच्या साऱ्या शिक्षणविचाराचे मूळ या साध्या अनुभवात आहे.

१८७९ मध्ये व्हरमाँट विद्यापीठाची पदवी घेतल्यावर ते पेनसिल्व्हेनियातल्या ऑइल सिटी या तेलविहिरींच्या गावी दोन वर्षे माध्यमिक शाळेत शिक्षक होते. नंतर काही काळ आपल्या भागातल्या शार्लट या खेडेगावातही त्यांनी शिकवले. तिथे त्यांना वर्ग आवरत नसे, अशी आठवण गावकरी सांगत असत म्हणतात. जगाला शिक्षणशास्त्र शिकवणाऱ्या माणसाच्या वर्गातही गोंधळ होत होता, हे वाचून आपल्या सेवानिवृत्त गुरुजनांना थोडे बरे वाटावे. त्यानंतर बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात तत्त्वज्ञानाचा अभ्यास करून १८८४ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली आणि मिशिगन विद्यापीठात अध्यापन सुरू केले.

मिशिगनमध्येच त्यांची ॲलिस चिपमन यांच्याशी ओळख झाली. ॲलिस लहानपणीच पोरक्या झालेल्या, आजी-आजोबांनी वाढवलेल्या. विद्यापीठात येण्याआधी त्यांनी स्वतः शाळेत शिकवले होते. अन्याय दिसला की त्यांना गप्प बसवत नसे. १८८६ मध्ये दोघांचा विवाह झाला. पुस्तकी तत्त्वज्ञानात रमलेल्या ड्यूईंना भोवतालच्या माणसांच्या प्रश्नांकडे वळवण्याचे मोठे श्रेय ॲलिसबाईंना जाते, असे त्यांच्या चरित्रकारांचे म्हणणे आहे. शाळेच्या कथेत तर त्यांचा वाटा बरोबरीचा आहे.

१८९४ मध्ये ड्यूई शिकागो विद्यापीठात तत्त्वज्ञान विभागाचे प्रमुख म्हणून आले. या विभागात मानसशास्त्र आणि शिक्षणशास्त्रही येत असे. त्याच उन्हाळ्यात शिकागोत रेल्वे कामगारांचा प्रचंड संप चालू होता. कारखाने, धूर, देशोदेशींहून आलेली गरीब कुटुंबे, असे ते शहर होते. जेन ॲडम्स यांनी कामगारवस्तीत चालवलेल्या हल हाउस या सेवाकेंद्राशी ड्यूई दांपत्याचा निकटचा संबंध आला. आपल्या धाकट्या मुलीचे नाव त्यांनी जेन ठेवले ते याच जेनबाईंवरून. पण शिकागोतला आरंभ सुखाचा नव्हता. १८९५ मध्ये युरोपच्या प्रवासात मिलान शहरी त्यांचा अडीच वर्षांचा मुलगा मॉरिस घटसर्पाने गेला. हे दुःख दोघांनाही आयुष्यभर पुरले.

पुढच्याच वर्षी, जानेवारी १८९६ मध्ये, ड्यूई यांनी विद्यापीठाची प्राथमिक शाळा सुरू केली. मुले १६, शिक्षक दोन. रसायनशास्त्राला प्रयोगशाळा लागते, तशी शिक्षणशास्त्रालाही हवी, या विचाराने ती प्रयोगशाळा शाळा म्हणून ओळखली जाऊ लागली. त्या काळातला एक प्रसंग ड्यूई स्वतः सांगत. मुलांना काम करण्याजोगी बाके-मेजे घेण्यासाठी त्यांनी शहरातली शालेय सामानाची दुकाने पालथी घातली. मनाजोगते काही मिळेना. अखेर एका चाणाक्ष दुकानदाराने अडचण ओळखली. तुम्हाला मुले काम करतील अशी बाके हवीत आणि आमच्याकडची सगळी बाके ऐकत बसण्यासाठी केलेली आहेत, असा त्याच्या बोलण्याचा आशय होता. आपल्याही शाळेतली ती लांबच लांब, शाईच्या डागांची, करकटकाने नावे कोरलेली बाके आठवून पाहा. तीही ऐकत बसण्यासाठीच होती.

या शाळेत वर्षाची आखणी धड्यांवर नव्हती, विषयसूत्रावर होती. चार-पाच वर्षांची मुले घर या विषयापासून आरंभ करीत. घरात कोण काय करते, जेवण कसे होते, हे बोलायचे आणि थोडेथोडे करूनही पाहायचे. सहा वर्षांच्या मुलांचे वर्ष घराला पोसणाऱ्या धंद्यांचे, म्हणजे मुख्यतः शेतीचे. ती लाकडी ठोकळ्यांचे शेत, घर आणि गोठा उभारीत. खरोखरच्या जमिनीचा तुकडा साफ करून गहू पेरीत. तो दाणा गिरणीत कसा जातो, वाण्याकडे कसा येतो आणि घरात त्याची पोळी कशी होते, याचा माग काढीत. कुंपणाची आणि गोठ्याची मापे घेताना फूटपट्टी हाती येई आणि अर्धा, पाव हे शब्द कामापुरते आपोआप लागत. सातव्या वर्षी आदिमानव : गुहा, विस्तव, हत्यारे, मातीची भांडी, धातूचा शोध. मुलांनी धातू वितळवण्याची लहानशी भट्टी केली. ती पेटेना, तेव्हा हवा कुठून यावी आणि जळण कसे रचावे, हे शोधणे भाग पडले आणि ज्वलनाचा धडा तिथेच झाला. आठव्या वर्षी समुद्रावर आणि देशोदेशी जाणारे व्यापारी व प्रवासी. पुढच्या वर्षांत आपले शहर, मग आपल्या देशाच्या वसाहतींचा इतिहास. एका वर्षाचा शेवट दुसऱ्या वर्षाच्या आरंभाशी जोडलेला असे.

यातले एक उदाहरण विशेष सांगण्यासारखे आहे, कारण कापसाच्या मुलखातल्या माणसाला ते चटकन कळेल. मुलांना कच्ची लोकर आणि बोंडातला कापूस दिला. यातून कापड कसे होत असेल ते तुम्हीच शोधा, एवढेच काम. मुले सरकी काढू लागली. मुलांच्या एका गटाने अर्धा तास खपून जो कापूस मोकळा केला तो एक औंससुद्धा, म्हणजे सुमारे २८ ग्रॅमही, भरला नाही. मग हाताने सरकी काढणारा माणूस दिवसभरात जेमतेम पौंडभर, म्हणजे अर्धा किलोच्या आतबाहेर, कापूस देत असेल हे त्यांना न सांगता पटले. पुढे त्यांनी तंतू ताणून पाहिले. कापसाचा तंतू आखूड आणि गुळगुळीत, लोकरीचा लांब आणि खरखरीत, म्हणून एकमेकांना धरून राहणारा. आपले पूर्वज सुती कपड्यांऐवजी लोकरीचे कपडे का वापरत होते, या प्रश्नाचे उत्तर त्या मुलांच्या बोटांना कळले होते. तिथून सरकी काढण्याचे यंत्र, चाती, माग, गिरण्या, गिरण्यांमुळे बदललेली शहरे, असा इतिहास पुढे उलगडत गेला. एका बोंडातून भूगोल, विज्ञान, गणित आणि समाजशास्त्र निघाले. तास संपला म्हणून विषय संपला, असे झाले नाही.

स्वयंपाकाचेही तसेच. मुले आठवड्यातून काही वेळा स्वतः जेवण रांधीत. पाककृती समोर ठेवून तिच्याप्रमाणे करून मोकळे व्हावे, असे एखाद्या मुलाला वाटे. पण बाई अंड्याचा पांढरा बलक कमी-जास्त उष्णतेवर ठेवून काय होते ते पाहायला लावीत. तो केव्हा गोठू लागतो, केव्हा घट्ट होतो, याच्या नोंदी होत. मोठ्या मुलांना आपल्या वादविवाद आणि छायाचित्रण मंडळांसाठी जागा हवी होती. त्यांनी लहानशा क्लबघराचा आराखडा करून ते बांधायला घेतले. वाचन आणि लेखन या शाळेत मागच्या दाराने येई. केलेल्या कामाची नोंद ठेवायची, पुढच्या कामासाठी काही शोधायचे, म्हणजे अक्षरे शिकणे आलेच. मुलगा अजून धड वाचत नाही, ही आईबापांची काळजी मात्र तेव्हाही होती. पालकांचा तो स्वभाव देशोदेशी सारखाच.

हे सारे ऐकायला गोड आहे, पण शिक्षकांसाठी ते फार कष्टाचे होते. विषय मुलांच्या हाती दिला की शिक्षकाचे काम कमी होते, हा गैरसमज आहे. उलट कापसाचे बोंड देणाऱ्या बाईंना पुढची वीस वळणे माहीत असावी लागतात. शिक्षक दर आठवड्याला ड्यूईंबरोबर बसत, झालेल्या कामाचे लेखी अहवाल देत, काय फसले त्याची चर्चा करीत. सुरुवातीला एकाच शिक्षकाने एका गटाला सर्व काही शिकवावे, असे ठरले होते. पण त्यामुळे शिकवणे उथळ होते असे दिसताच ड्यूईंनी मत बदलले आणि विज्ञान, इतिहास, हस्तव्यवसाय यांना त्या त्या विषयाचे जाणकार शिक्षक नेमले. १९०२ पर्यंत शाळेत १४० मुले, २३ शिक्षक आणि १० सहायक होते. म्हणजे सरासरी सहा मुलांमागे एक शिक्षक. आपल्या वर्गाचा पट आठवला तर हा फरक केवढा आहे ते कळेल. शिवाय या शाळेतली बरीच मुले प्राध्यापकांची आणि सुस्थितीतल्या घरांची होती. हे विसरून त्या शाळेचे कौतुक करणे बरोबर होणार नाही.

पैशाची ओढाताण तर कायमचीच. विद्यापीठाची मदत तुटपुंजी. फी, पालकांच्या देणग्या यांवर गाडा चाले आणि जागाही वारंवार बदलावी लागे. निधीसाठी १८९९ मध्ये ड्यूईंनी पालकांसमोर काही व्याख्याने दिली. तीच त्या वर्षी शाळा आणि समाज या अर्थाच्या नावाने पुस्तकरूपाने निघाली आणि जगभर वाचली गेली. शाळेचे भाडे भागावे म्हणून दिलेली व्याख्याने शिक्षणशास्त्राचा एक मान्यवर ग्रंथ होऊन बसली.

१९०१ मध्ये ॲलिसबाई शाळेच्या मुख्याध्यापिका झाल्या. १९०३ मध्ये विद्यापीठाने कर्नल फ्रान्सिस पार्कर यांची शाळा या शाळेत विलीन केली. पार्कर हे स्वतः थोर शिक्षणसुधारक होते. ड्यूईंची थोरली मुले आधी त्यांच्याच शाळेत जात. पण पार्कर वर्षभरापूर्वी वारले होते आणि त्यांच्या शिक्षकांना ॲलिसबाई मुख्याध्यापिका म्हणून नको होत्या. विद्यापीठाचे अध्यक्ष हार्पर यांनी ही नेमणूक एका वर्षापुरतीच होती अशी भूमिका घेतली. ड्यूई दांपत्याला तसे कधी स्पष्ट सांगितलेले नव्हते. १९०४ मध्ये दोघांनीही राजीनामे दिले. आठ वर्षे जपलेली शाळा अशा रीतीने हातची गेली. शाळेतली भांडणे फक्त आपल्याकडेच होतात असे नाही. त्याच वर्षी कुटुंब युरोपला गेले आणि आठ वर्षांचा मुलगा गॉर्डन आयर्लंडमध्ये विषमज्वराने वारला. ज्या वर्षी शाळा सुरू झाली त्याच वर्षी जन्मलेला हा मुलगा शाळा सुटली त्याच वर्षी गेला. याच प्रवासात इटलीमध्ये त्यांनी साबिनो नावाच्या मुलाला दत्तक घेतले.

१९०५ पासून ड्यूई न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकवू लागले. पुन्हा त्यांनी शाळा काढली नाही. १९१६ मध्ये लोकशाही आणि शिक्षण या विषयावरचा त्यांचा मोठा ग्रंथ आला. लोकशाही ही केवळ मतदानाची पद्धत नसून माणसांनी एकमेकांच्या अनुभवात वाटेकरी होऊन जगण्याची रीत आहे, हे त्याचे सार. १९१३ ते १९१६ या काळात भीमराव आंबेडकर कोलंबियात शिकत होते आणि त्यांनी ड्यूईंचे वर्ग केले. १९३६ च्या जातिनिर्मूलनावरील आपल्या प्रसिद्ध निबंधात बाबासाहेबांनी ड्यूईंचा उल्लेख आपले शिक्षक म्हणून केला आणि त्यांच्या विचाराचा आधार घेतला. समाजातले गट एकमेकांत मिसळले पाहिजेत, त्यांच्यातली देवाणघेवाण मोकळी असली पाहिजे, हा विचार शिकागोतल्या त्या शाळेत मुलांच्या हातांना दिला जात होता. तोच विचार बाबासाहेबांनी जातीच्या भिंतींसमोर उभा केला. जून १९५२ मध्ये कोलंबिया विद्यापीठाची सन्माननीय पदवी स्वीकारायला बाबासाहेब निघाले, तेव्हा आपल्या या प्राध्यापकांना भेटण्याची त्यांना ओढ होती. ते वाटेवर असतानाच, १ जून १९५२ रोजी, वयाच्या ९२ व्या वर्षी ड्यूई यांचे न्यूयॉर्कमध्ये निधन झाले. गुरुशिष्यांची भेट राहून गेली. आपले सारे बौद्धिक जीवन आपण त्यांचे देणे लागतो, अशा भावनेचे पत्र बाबासाहेबांनी माईसाहेबांना लिहिले.

प्रकल्प पद्धत हे नाव रूढ केले ते ड्यूईंचे विद्यार्थी आणि सहकारी विल्यम किलपॅट्रिक यांनी, १९१८ च्या एका लेखाने. नाव झपाट्याने पसरले आणि अनेक ठिकाणी त्याचा अर्थ पातळ झाला. मुलांना वाटेल ते करू द्यावे, म्हणजे नवे शिक्षण झाले, असे मानणाऱ्या शाळा निघाल्या. ड्यूई यांना हे मान्य नव्हते. १९३३ मध्ये विचारप्रक्रियेवरच्या आपल्या जुन्या पुस्तकाची नवी आवृत्ती काढताना त्यांनी चांगल्या प्रकल्पाच्या अटी सांगितल्या. एक, मुलाला त्यात गोडी हवी. दोन, ते काम मुळात करण्याच्या लायकीचे हवे. तीन, त्यातून नवे प्रश्न उठले पाहिजेत आणि त्यांसाठी नवी माहिती शोधावी लागली पाहिजे. चार, त्याला पुरेसा काळ मिळाला पाहिजे. १९३८ मध्ये, ऐंशीच्या घरात असताना, अनुभव आणि शिक्षण या विषयावरच्या छोट्या पुस्तकात त्यांनी आपल्याच अनुयायांना पुन्हा बजावले की प्रत्येक अनुभव शिक्षण देतोच असे नाही. जो पुढच्या अनुभवाची वाट उघडतो तोच शिक्षण देतो.

ॲलिसबाई १९२७ मध्ये वारल्या. शाळेचा इतिहास लिहावा, असे त्यांच्या मनात होते. ते काम शाळेच्या जुन्या शिक्षिका, कॅथरिन मेह्यू आणि ॲना एडवर्ड्स या बहिणींनी पुरे केले. १९३६ मध्ये त्यांचे पुस्तक आले. आज त्या शाळेतले गट वर्षभर काय करीत होते हे आपल्याला कळते, ते मुख्यतः या दोघींनी जुने अहवाल जपून ठेवल्यामुळे. एका अर्थाने तीही माजी शिक्षकांची स्मरणिकाच.

मित्रहो, वरच्या चार अटी आपल्या घरच्या प्रकल्पाला लावून पाहिल्या तर आदल्या रात्रीचा पुठ्ठ्याचा किल्ला दुसऱ्या अटीपाशीच ढासळतो. त्यात मुलाचा दोष नाही आणि चाळीस-पन्नास मुलांचा वर्ग एकट्याने सांभाळणाऱ्या बाईंचा तर मुळीच नाही. सहा मुलांमागे एक शिक्षक आपल्याला मिळणार नाही. पण आपल्या शाळेजवळ एक गोष्ट आहे, ती म्हणजे आपण माजी विद्यार्थी. आपल्यात शेतकरी आहेत, सुतार आहेत, परिचारिका आहेत, एसटीचे चालक आहेत, किराणा दुकानदार आहेत, दूध संकलन केंद्र चालवणारे आहेत. मेळाव्यानंतर आपण शाळेला पंखे, संगणक, पाण्याची टाकी देतो. ते द्यावेच. त्याबरोबर एखाद्याने आपले शेत तिसरीच्या वर्गाला वर्षभर उघडे ठेवावे. पेरणीला मुलांनी यावे, निंदणीला यावे, मळणीला यावे, वजन करावे, बाजारभाव विचारावा आणि त्यातले गणित वर्गात मांडावे. दुधाचा, कपड्याचा, पाण्याचा असाच एकेक विषय एकेका वर्गाला मिळावा. शिकवतील आपले शिक्षकच, आपण फक्त दार उघडे ठेवायचे.

बर्लिंग्टनच्या वखारीत लाकूड मोजणाऱ्या एका मुलाला जे शाळेबाहेर मिळाले ते शाळेत आणण्यासाठी जॉन ड्यूई आयुष्यभर झटले. त्यांची शाळा त्यांच्या हाती आठ वर्षेच राहिली. शिकागोत ती आजही चालू आहे. आपली शाळाही चालू आहे. पुढच्या मेळाव्यापर्यंत आपल्यापैकी एकाने जरी एका वर्गाला असे एक वर्ष दिले, तर या थोर शिक्षकाचे स्मरण आपण योग्य रीतीने केले असे म्हणता येईल.